तो डोनट नव्हता: पोकेमॉनचं वेड आणि अमेरिकेतले ॲनिमेचे चाहते

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझा भाचा न्यू जर्सीत वाढला, आता पस्तिशीचा आहे. ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघतो ते फक्त जपानी आवाजात, खाली सबटायटल लावून. कुणी इंग्रजी डब लावला की उठून जातो. हे वेड कुठून लागलं विचारलं तर म्हणतो, पोकेमॉनपासून. पण पोकेमॉन तर पत्ते आणि खेळणी खपवायची लहान मुलांची मालिका, आणि ती त्याने पाहिली तीही इंग्रजीतच. त्यातून असले कट्टर लोक कसे निघाले?"

मी पुण्यात जपानी शिकले आणि गेली सतरा वर्षं जपानीतून इंग्रजीत सबटायटलं करते. माझं काम तपासणारे संपादक बहुतेक अमेरिकेतले आणि बहुतेक तुमच्या भाच्याच्याच वयाचे. त्यांच्या लाल शेऱ्यांवर माझं पोट चालतं, म्हणून हा विषय मला जरा जवळचा आहे.

भाचा खरं सांगतोय. पोकेमॉनने अमेरिकन मुलांना जपानची ओळख करून दिली असं सर्रास लिहिलं जातं, ते मला पटत नाही. त्या मालिकेतून जपान होता होईल तेवढा पुसून टाकला होता. पण पुसताना डाग राहिले, आणि ते डाग कसले हे शोधत ती मुलं मोठी झाली. पाश्चात्त्य चाहत्यांचा "अस्सल तेच हवं" हा जो हट्ट आहे तो मला तिथून आलेला दिसतो.

आधीचा काळ झटकन सांगते. अमेरिकेत ॲनिमे पोकेमॉनच्या कितीतरी आधी पोचलं होतं. १९६३ मध्ये ॲस्ट्रो बॉय, १९६७ मध्ये स्पीड रेसर, १९८५ मध्ये रोबोटेक. लॉस एंजेलिसमध्ये १९७७ साली चाहत्यांचं मंडळही निघालं. पण मामला घरगुती होता. कोरी व्हीएचएस कॅसेट आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट कुणा अनोळखी माणसाला पाठवायचं. त्याने घरच्या कॉम्प्युटरवर अक्षरं चढवून केलेल्या कॉपीच्या कॉपीची कॉपी तुमच्या दारात यायची, चित्र अर्धं धुवून निघालेलं. दुकानातली अधिकृत कॅसेट ३० डॉलरच्या आसपास, त्यात बऱ्याचदा दोनच भाग, आणि गंमत म्हणजे सबटायटलवाली डबपेक्षा महाग. आज मोठं समजलं जाणारं ओटाकॉन हे संमेलन १९९४ मध्ये पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा भरलं तेव्हा साडेतीनशे माणसं होती. सेलर मून ही मालिका १९९५ मध्ये टीव्हीवर आली आणि बंद पडली, तेव्हा चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली, जाहिरातदाराला खूश करायला ठरवून त्याचा पॉप-टार्ट्स नावाचा खाऊ विकत घेतला. म्हणजे उत्साह होता, संख्या नव्हती.

संख्या पोकेमॉनने आणली, आणि ती येईल असं कुणाला वाटण्यासारखी परिस्थितीही नव्हती. जपानमध्ये मूळ व्हिडिओ गेम फेब्रुवारी १९९६ चा, मालिका एप्रिल १९९७ ची. त्याच वर्षी १६ डिसेंबरला एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने मुलांना झटके आले, सुमारे ६८५ मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं, मालिका चार महिने बंद राहिली. अमेरिकेत पोकेमॉन हे नाव आधी बातम्यांत आलं ते या कारणाने. असं असताना निन्टेन्डोने आणि न्यूयॉर्कच्या फोर किड्स या कंपनीने तो माल तिकडे नेला. ऑगस्ट १९९८ मध्ये कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावाच्या महापौरांनी एका दिवसापुरतं गावाचं नाव "टोपिकाचू" केलं, आणि विमानातून पॅराशूट बांधलेली पिकाचूची (मालिकेतला पिवळा प्राणी) खेळणी खाली सोडली गेली. सप्टेंबरमध्ये मालिका आणि खेळ, जानेवारी १९९९ मध्ये पत्ते, नोव्हेंबरमध्ये सिनेमा. त्या पहिल्या सिनेमाने अमेरिकेत साडेआठ कोटी डॉलरच्या वर कमाई केली. ॲनिमे सिनेमाचा हा विक्रम तिथे २०२५ पर्यंत टिकला. शाळाशाळांतून पत्त्यांवर बंदी आली, कारण मधल्या सुट्टीत पत्त्यांवरून मारामाऱ्या व्हायला लागल्या.

आता मूळ मुद्दा. मालिकेच्या सुरुवातीच्या भागांपैकी एकात ब्रॉक नावाचा पोरगा जेवायला काहीतरी काढतो. पडद्यावर स्वच्छ दिसतं: पांढरा तिकोनी भाताचा गोळा, खाली नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, काळी पट्टी. ओनिगिरी. जपानी आई डब्यात देते ती, आपल्याकडच्या पोळीच्या गुंडाळीसारखी साधी. इंग्रजीत ब्रॉक म्हणतो, हे डोनट मस्त आहेत, जेली भरलेले माझे आवडते. ना भोक, ना साखर, ना जेली, आणि हा आनंदाने डोनट म्हणतोय.

त्यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. कॅन्ससमधल्या सहा वर्षांच्या मुलाला ओनिगिरी म्हटलं तर तो थांबेल, आणि थांबला तर चॅनेल बदलेल. म्हणून पाट्यांवरची जपानी अक्षरं खोडली जात, पार्श्वसंगीत बदललं जाई, बंदुका दिसणारा एक अख्खा भाग गाळला गेला. पुढे तर ओनिगिरीच्या जागी सँडविच रंगवून घातल्याचीही नोंद आहे. जपानी माध्यमांचे अभ्यासक कोइची इवाबुची यांनी यासाठी शब्द वापरला तो "सांस्कृतिक वास". परदेशी खपणाऱ्या जपानी वस्तूला जपानचा वास नसतो, किंवा तो घालवलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. फोर किड्सने मालिका वास जाईपर्यंत धुतली.

पण चित्र धुता येत नाही. शब्द बदलतात, भात भातच दिसतो. आठ वर्षांच्या पोराला तेव्हा काही कळलं नसेल, एवढंच वाटलं असेल की डोनट जरा विचित्र आहे. तेच पोरगं बाराव्या वर्षी घरच्या डायल-अप इंटरनेटवर बसलं आणि कुणीतरी हौसेने बनवलेल्या पानावर त्याने वाचलं की तो भाताचा गोळा होता. मग पुढचं: मालिकेचा नायक ॲश, त्याचं खरं नाव सातोशी. हे नाव खेळ रचणाऱ्या सातोशी ताजिरींवरून ठेवलेलं, आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं शिगेरू हे निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतोंवरून. नावं बदलली आणि हा सगळा धागा तुटला. जपानमध्ये दाखवलेले आणि अमेरिकेत न आलेले भाग आहेत. सिनेमात म्यूटू नावाच्या पोकेमॉनच्या तोंडी घातलेला बराचसा उपदेश मुळात नाही. मूळ म्यूटू "मी कोण, मला कशाला जन्माला घातलं" या प्रश्नाने पछाडलेला आहे, तर इंग्रजीत मारामारी वाईट असते हा पाठ दिला गेला. तोही अशा मालिकेत जिचा धंदाच झुंजी लावण्याचा!

तुमच्या भाच्याच्या डोक्यात त्या वयात काय झालं असेल याची कल्पना करा. मोठी माणसं आपल्याला फसवत होती, आणि पुरावा आपल्याच कॅसेटवर आहे.

दुसरी गोष्ट, ही मुलं तपासनीस म्हणून आधीच तयार झालेली होती. १५१ प्राण्यांची नावं, प्रकार, कोण कुठल्या पातळीला कशात बदलतो, हे सगळं तोंडपाठ. पहिल्या सिनेमाच्या इंग्रजी डबमध्ये सायथरला अलाकझाम म्हटलंय, सँडस्लॅशला सँडश्रू आणि पिजॉटला पिजॉटो. मोठ्यांच्या लक्षात आलं नाही, मुलांच्या आलं. पुढे डीव्हीडीवरच्या समालोचनात निर्मात्यांनी अलाकझामबद्दल सांगितलं की ते बोलणारे टीम रॉकेटवाले, म्हणजे मालिकेतली खलनायक टोळी, चुकतीलच, म्हणून राहू दिलं. याला आपण सारवासारव म्हणतो. "सगळे पकडा" असं ज्या मुलांना वर्षानुवर्षं सांगितलं, त्यांनी मालिकेच्या चुकाही पकडल्या, गाळलेले भागही पकडले आणि याद्या केल्या. ॲनिमेच्या चाहत्यांच्या विकी, भागागणिक तुलना, कोणत्या आवृत्तीत काय कापलं याचे तक्ते, या सगळ्यात मला तीच मधल्या सुट्टीतली पत्त्यांची वही दिसते.

इथे धंद्यातली म्हणून एक गोष्ट कबूल करते. डोनटबद्दल मीही हसते, पण नावांचं काम फार चांगलं झालं होतं. फुशिगिदाने म्हणजे अद्भुत बी, त्याचं बल्बसॉर. हितोकागे म्हणजे "हि" आग आणि "तोकागे" सरडा, त्याचं चारमँडर. सावामुरा आणि एबिहारा या जपानी किकबॉक्सर-बॉक्सरांवरून ठेवलेली दोन नावं होती. अमेरिकन मुलाला ती कशी कळणार, म्हणून ब्रूस ली आणि जॅकी चॅनवरून हिटमनली आणि हिटमनचॅन झाली. दीडशे वेळा असं करून दाखवणं सोपं नाही. मी एका मालिकेतल्या अकरा भुतांची नावं करताना आठवडाभर झोपले नव्हते.

आणि पिकाचू मात्र पिकाचूच राहिला. मालिकेतले प्राणी, म्हणजे पोकेमॉन, स्वतःचंच नाव ओरडतात. नाव बदललं की आवाजही नव्याने भरावा लागतो. "पिका" म्हणजे लखलख, "चू" म्हणजे उंदराची चूंचूं. हे नाव तसंच ठेवलं आणि इकुए ओतानी यांचा मूळ आवाजही तसाच ठेवला. म्हणजे जगभरची मुलं, जपान पुसलेल्या त्या मालिकेत, रोज एका जपानी अभिनेत्रीचा मूळ आवाज ऐकत होती. मला विचाराल तर जपानी आवाजाची सवय तिथेच कानाला लागली. हे सिद्ध करता येणार नाही, माझं आपलं मत.

जुन्या चाहत्यांना हे सगळं अजिबात आवडलं नव्हतं. ज्यांनी कॅसेटी फिरवून, स्वतः जपानी शिकून हे जग उभं केलं, त्यांच्या संमेलनात पिवळ्या टोप्या घातलेली पोरं आईबापांचं बोट धरून यायला लागली. "हे ॲनिमेच नाही" असं म्हणणारे पुष्कळ होते. पण पैसा त्या पोरांच्या मागून आला. मालिकांच्या खरेदीची रांगच लागली: १९९९ मध्ये डिजिमॉन, २००० मध्ये कार्डकॅप्टर्स, २००१ मध्ये यू-गी-ओ. कार्डकॅप्टर्सचा किस्सा ऐकण्यासारखा आहे. मूळ मालिका साकुरा नावाच्या मुलीची, मुलींसाठी काढलेली. पण पोकेमॉनचे ग्राहक मुलगे, या हिशेबाने तिच्यातलं पत्ते पकडणं ठेवून बाकीचं कापलं आणि अमेरिकेत सुरुवातच आठव्या भागापासून केली, कारण त्यात मुलगा प्रवेश करतो. प्रेमाचे धागे छाटले ते वेगळेच. मुलींनी ती मूळ मालिका शोधून काढली आणि सगळ्यात चिडलेल्या चाहत्या तिच्याच निघाल्या. असंच २००० मध्ये सेलर मूनच्या पुढच्या भागांत झालं: एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोघींना चुलत बहिणी करून टाकलं. चित्रांत मात्र त्या चुलत बहिणींसारख्या अजिबात वागत नाहीत. पुन्हा डोनटच.

वाहिन्यांनाही काही वर्षांत कळलं की हा प्रेक्षक मोठा होतोय. २००० साली कार्टून नेटवर्कच्या टूनामी या कार्यक्रम-पट्ट्यात गुंडम विंग ही मालिका दोनदा दाखवली जाई: दिवसा "मारणे" हा शब्द काढून, आणि मध्यरात्री न कापता. मध्यरात्री जागणारी मुलं कोण होती ते सांगायला नको. "अनकट" हा शब्द त्या काळात मालाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात यायला लागला.

पुस्तकांचंही तेच. २००२ मध्ये टोकियोपॉप या प्रकाशनाने मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, उलट न छापता, जपानीसारखी उजवीकडून डावीकडे छापायला सुरुवात केली आणि "शंभर टक्के अस्सल" अशी जाहिरात केली. खरं तर पानं उलटवण्याचा खर्चही वाचत होता. सवयीने डावीकडून पुस्तक उघडलं की सूचना दिसायची: थांबा, हे शेवटचं पान आहे. ती सूचना पाहून चौदा वर्षांच्या मुलाला वाटायचं की आपण आता आतल्या गोटातले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शोनेन जंप हे मांगाचं मासिक अमेरिकेत आलं, पहिल्या अंकासोबत यू-गी-ओचा पत्ता घालून. पत्त्यासाठी अंक घेतलेल्या मुलाने त्यात इतर कथा वाचल्या. १९९८ ला जो सात-आठ वर्षांचा होता तो तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. २००५ मध्ये टूनामीवर नारुतो ही मालिका आली तेव्हा चौदा-पंधराचा. पायऱ्या इतक्या बरोबर पडल्या की कुणी आखल्यासारख्या वाटतात, पण कुणी आखल्या नव्हत्या.

मग २००४ मध्ये फोर किड्सने वन पीस ही समुद्री चाच्यांची मालिका हातात घेतली आणि जुनीच रीत वापरली. त्यातल्या सांजी या पात्राच्या तोंडातली सिगारेट काढून लॉलिपॉप दिला, बंदुकांची खेळणी केली, अख्ख्या कथा गाळल्या. पण प्रेक्षक आता सहा वर्षांचा नव्हता. त्याच्याकडे ब्रॉडबँड होतं आणि जपानमध्ये भाग लागल्यावर काही दिवसांत चाहत्यांनी केलेलं सबटायटल उतरवून घेता येत होतं. दोन्ही शेजारी लावून बघितलं की निकाल लागलाच. २००६ च्या डिसेंबरमध्ये फोर किड्सने वन पीस सोडलं, दुसऱ्या कंपनीने नव्याने, न कापता डब केलं, आणि फोर किड्सने २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यात इतर वादही होते. २००६ मध्ये चाहत्यांनी चढवलेल्या व्हिडिओंवर सुरू झालेलं क्रंचीरोल हे संकेतस्थळ २००९ मध्ये टीव्ही टोकियो या जपानी वाहिनीशी करार करून अधिकृत झालं. तिथून माझ्यासारख्यांना काम मिळायला लागलं.

या सगळ्याचा माझ्या टेबलावर काय परिणाम होतो ते सांगते. बहुतेक कामांसोबत शैलीचे नियम येतात. "सान", "कुन", "सेनपाई" ही जपानी संबोधनं भाषांतरित करू नका. आडनाव आधी, नाव नंतर. पदार्थांची नावं जशीच्या तशी. हे नियम जपानी कंपनीने घातलेले नसतात, बहुतेक वेळा प्रेक्षकांच्या तक्रारींमुळे आलेले असतात. चाहत्यांत एक जुना विनोद आहे: खालच्या ओळीत "सगळं केइकाकूप्रमाणे चाललंय" असं लिहिलेलं आणि वर भाषांतरकाराची टीप, "केइकाकू म्हणजे योजना". योजना लिहून मोकळं व्हायचं की! पण हा अतिरेक कुठून आला ते आता तुमच्या लक्षात येईल. एकदा डोनट खाल्लेला माणूस साधा शब्दही सोलून बघतो.

एकदा मी एका शाळकरी मालिकेत "राइस बॉल" लिहिलं. सरळ, बरोबर, दीड सेकंदात वाचून होणारं. परत आलेल्या फाइलमध्ये लाल शेरा: "ओनिगिरी ठेवा. आमच्याकडे या शब्दाचा इतिहास आहे." मी वाद घातला नाही. तसा घालायला हवा होता, कारण त्या दृश्यात एक लहान मुलगी नुसतं "भूक लागली" म्हणतेय आणि शब्दाचा इतिहास तिच्या गावीही नाही.

आपल्याकडची तुलना विचाराल म्हणून एवढंच: २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर आलेलं हिंदी पोकेमॉन फोर किड्सच्या इंग्रजीवरून केलेलं, म्हणून आपल्यालाही ॲश आणि मिस्टीच मिळाले. डोरेमॉनमध्ये मात्र नोबिता नोबिताच राहिला, शिझुका शिझुकाच. फक्त दोरायाकी या गोड पदार्थाचा "डोरा केक" झाला. आपल्या मुलांना त्यात फसवणूक वाटल्याचं मी ऐकलं नाही. बहुधा आपण लहानपणापासून डबच बघत आलो म्हणून. अमेरिकन मुलाला तोवर कल्पनाही नव्हती की टीव्हीवरची गोष्ट दुसऱ्या भाषेतली असू शकते.

आता भाच्याकडे येते. तो डब लावला की उठतो म्हणता, तर एक करून बघा. त्याला विचारा, नायकाचं नाव काय? सातोशी म्हणतो की ॲश? माझ्या कामातले झाडून सगळे सबटायटलचे कट्टर लोक ॲश म्हणतात. २००६ मध्ये पोकेमॉनचे इंग्रजी आवाज बदलले तेव्हा जुनेच आवाज ठेवा म्हणून सह्या गोळा झाल्या होत्या, त्याही याच पिढीच्या. आणि ज्या संपादकाने मला ओनिगिरीवरून लाल शेरा दिला, तो मागच्या महिन्यात ऑनलाइन मीटिंगला सगळे जमेपर्यंत माइक चालू ठेवून काहीतरी गुणगुणत होता. इंग्रजी पोकेमॉनचं शीर्षकगीत, दोन्ही कडवी, एकही शब्द न चुकता.